तोतयाचे नवे बंड

इतिहासाच्या तासाला पानिपतचा धडा संपला की त्यामागोमाग तोतयाची गोष्ट येते, आणि वर्गातील अत्यंत चुळबुळ करणारा विद्यार्थीही ती कान देऊन ऐकतो. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणांगणावर पडले. परंतु मराठी मन ते मानावयास तयार नव्हते. पुढे काही वर्षांनी ‘मीच तो भाऊ’ असे म्हणत एक मनुष्य प्रकट झाला. चौकशीअंती तो खोटा ठरला व बंदीत पडला. तथापि १७७६ साली रत्नागिरीच्या बंदिवासातून सुटून त्याने कोकणात असे काही बंड उभारले की किल्ल्यामागून किल्ले त्याच्या स्वाधीन होत गेले. अखेर त्याच वर्षी तो पकडला गेला आणि पुण्यात त्यास देहान्त शासन झाले.

या गोष्टीचे मर्म कशात आहे? त्या मनुष्याचा चेहरा भाऊंसारखा होता किंवा नव्हता, हा प्रश्न गौण होय. त्याने चोरले होते ते भाऊंचे नाव, आणि त्या नावामागे उभी असलेली पत. ऐकणाऱ्यांच्या मनात भाऊ परत यावेत अशी आशा होती. कोणाच्या मनात हा खरोखरच भाऊ निघाला तर आपले काय होईल, अशी धास्तीही असेल. दुसऱ्याचे नाव आणि आपल्या मनातील आशा वा भीती, या दोन गोष्टींची गाठ पडली की तोतयाचे काम फत्ते होते.

आज हा तोतया पुन्हा बंड करून उठला आहे. त्याला आता घोडा नको, निशाण नको, किल्लाही नको. आपल्या वडिलांच्या खिशातील क्रेडिट कार्डावरचे अंक आणि त्यांच्या दूरध्वनीवर आलेला एक लहानसा संदेश एवढे त्यास पुरते. तो त्यांच्या नावाने खरेदी करतो, त्यांच्या नावाने कर्ज काढतो, आणि महिनाअखेर हिशेबाचा कागद मात्र आपल्या दारात येतो. या नव्या तोतयेगिरीविषयी आमचे विचार या अंकात मांडावेत असे आम्हांस वाटले. हा विषय शाळेच्या वार्षिकात शोभतो काय, अशी शंका काही वाचकांना येईल. आमच्या मते तो येथेच शोभतो, आणि तसे का, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. क्रेडिट या शब्दाला आपल्याकडे जुना व नेमका शब्द आहे, तो म्हणजे पत. वाण्याच्या दुकानी उधारीची वही असते, ती पतीवरच चालते. सावकाराची हुंडी दूरच्या पेठेत वटते, तीही पतीवरच. क्रेडिट कार्ड ही त्याच व्यवहाराची आधुनिक आवृत्ती होय. १९५० साली न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लबने आपले कार्ड काढले. त्या योगे भोजनगृहात रोख पैसे न देता जेवता येई. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो या नगरात सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागितली नसताना, टपालाने घरोघर पाठवून दिली. आपल्या देशात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने पहिले क्रेडिट कार्ड काढले. कार्डावर पैसा नसतो. ‘या माणसाची उधारी आम्ही भागवू’ असे बँकेचे वचन तेवढे त्यात असते. म्हणूनच कार्डाची चोरी ही पाकिटाच्या चोरीहून निराळी आहे. पाकीट गेले तर त्यात होते तेवढेच जाते. पत चोरीस गेली तर आपल्यापाशी कधी नव्हताच तो पैसाही आपल्या नावे खर्ची पडतो.

फ्रेझ्नोच्या त्या प्रयोगात एक बोध दडलेला आहे. दारोदार गेलेली कार्डे भलत्यांच्या हाती पडू लागली, खोटी खरेदी झाली, पुष्कळांनी उधारी बुडविली, आणि त्या बँकेला आरंभीची काही वर्षे मोठा तोटा सोसावा लागला. इतर बँकांनीही तोच मार्ग धरला, तेव्हा अमेरिकेच्या संसदेने १९७० साली कायदा करून न मागता कार्ड पाठविणे बंद केले, आणि चोरीच्या कार्डावर दुसऱ्याने केलेल्या खरेदीपैकी धनकोकडून, म्हणजे कार्ड देणाऱ्याकडून, ग्राहकावर पन्नास डॉलरांहून अधिक बोजा टाकता येणार नाही असे ठरविले. कार्ड कसे सुरक्षित राखावे हे ग्राहकाला शिकविण्यापूर्वी ‘नुकसान कोणी सोसावे’ हे तेथे ठरले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

आता चोराच्या रीती पाहू. त्या माहीत असल्यावाचून सावध राहा म्हणण्यास अर्थ नाही.

सर्वांत जुनी रीत नकलेची. कार्डाच्या पाठीवरील काळ्या चुंबकीय पट्टीत खात्याची माहिती उघडी असते. पैसे काढण्याच्या यंत्राच्या तोंडाशी चोर एक लहानसे उपकरण बसवितो, ते पट्टी वाचून ठेवते. वर कोठेतरी दडविलेला बारीक कॅमेरा आपली बोटे टिपतो. मग तशीच पट्टी दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उमटविली की नक्कल तयार. यावर उपाय म्हणून कार्डात सोनेरी चिप आली. ती दर व्यवहाराला निराळे उत्तर देते, म्हणून तिची नक्कल करणे अतिशय कठीण असते. आपल्या देशात पट्टीची जुनी कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता.

दुसरी रीत कोठारावरच घाला घालण्याची. २०१३ च्या नाताळच्या हंगामात अमेरिकेतील टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर आत शिरले कसे? शीतयंत्रांचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा परवलीचा शब्द त्यांच्या हाती लागला होता. गडाचा मुख्य दरवाजा भक्कम होता, पण दिंडी उघडी राहिली. आपल्याकडे २०१६ साली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघडकीस आले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणकयंत्रणेवर हल्ला करून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळविले. त्यांतील मोठा हिस्सा नकली कार्डांच्या साह्याने २८ देशांतील यंत्रांतून काढण्यात आला. या प्रकारांत कार्डधारकाने काय चूक केली होती? काहीच नाही. तो घरी स्वस्थ झोपला होता.

तिसरी रीत आज घरोघर पोहोचली आहे, आणि ती सर्वस्वी तोतयाची आहे. तिच्यात यंत्र फोडावे लागत नाही, माणसाचे मन फोडावे लागते. एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे. पण वाचकांपैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल. दांडिया बाजारातील एका घरी दुपारच्या वेळी आजोबा एकटेच आहेत. दूरध्वनी वाजतो. पलीकडचा मनुष्य सफाईदार हिंदीत त्यांचे पूर्ण नाव घेतो, जन्मतारीख सांगतो, कार्डाचे शेवटचे चार अंकही म्हणून दाखवितो. “आपल्या कार्डावर जमलेले गुण आज रात्री रद्द होतील. ते रोख रकमेत बदलून देतो. आपल्याला एक अंक येईल, तो सांगा.” इतकी माहिती जाणणारा मनुष्य बँकेचाच असणार, असे आजोबांना वाटते. वस्तुतः ही माहिती कोठल्या तरी लुटलेल्या कोठारातून किंवा कोठे तरी दिलेल्या कागदाच्या प्रतीवरून त्याने मिळविलेली असते. आजोबा अंक सांगतात. अर्ध्या मिनिटाने दुसरा संदेश येतो: अमुक दुकानी अट्ठेचाळीस हजारांची खरेदी झाली.

याच रीतीची रूपे अनेक आहेत. कधी खाते आजच बंद होईल अशी भीती घालतात, कधी ओळखीची कागदपत्रे ताजी करण्याच्या नावाखाली एखादा दुवा पाठवितात, कधी ‘मदतीसाठी’ म्हणून असे ॲप उतरवून घ्यावयास सांगतात की आपल्या दूरध्वनीचा पडदा त्यांना तिकडे दिसू लागतो. कधी खोटी कागदपत्रे दाखवून आपल्याच क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड काढतात. मग आपला दूरध्वनी अकस्मात मुका होतो आणि गुप्त अंक त्यांच्याकडे जाऊ लागतात. आणि यांच्याही पलीकडची रीत म्हणजे आपल्या आधार व पॅन पत्रांच्या प्रतींवर आपल्या नावाने नवेच कार्ड वा कर्ज काढणे. त्याची वार्ता आपणांस वसुलीचा माणूस दारात आल्यावरच कळते.

येथवर चोराची हकीकत झाली. आता आमचे मत सांगतो.

गडाच्या दरवाज्यावर रात्री पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. तो शब्द गुप्त असे. पण गडावर शत्रू शिरला असे कळताच नगारा वाजे, शिंग फुंकले जाई आणि माची जागी होई. शब्द गुप्त आणि शत्रूची वार्ता उघड, असा तो साधा नियम होता. आपण आज नेमके उलटे वागतो. परवलीचा अंक अनोळखी माणसाला बिनदिक्कत सांगतो, आणि चोरी झाली की ती आपल्याच माणसांपासून लपवितो. उदाहरणातील आजोबांकडे पुन्हा पाहा. संध्याकाळी मुलगा कामावरून येतो, सून चहा ठेवते, नातू अभ्यासाला बसतो, आजोबा गप्प. ‘एवढे शिकलेले, जन्मभर नोकरी केलेले, आणि असे कसे फसलात?’ हा प्रश्न त्यांना ऐकावयाचा नसतो. असे चार दिवस जातात. चोराला चार दिवसांची ही मोकळीक आपल्या घरातील लाजेने दिलेली असते.

या मौनाची किंमत किती असते ते नियमांवरूनच कळेल. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की बँकेच्या हयगयीमुळे नुकसान झाले असल्यास ग्राहकाने काहीच सोसावयाचे नाही. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कोणाची असेल, तर संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्यावर कसलाही बोजा नाही. चार ते सात दिवस लागले तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त दहा हजारांचा बोजा; आणि त्याहून उशीर झाला तर ज्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. पण कळविल्यानंतर जे होईल ते बँकेचे. ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करण्याचा भारही त्या परिपत्रकाने बँकेवरच टाकला. नियमांचे आकडे काळानुसार बदलतात, म्हणून आपल्या बँकेत चालू नियम विचारून घ्यावा. परंतु त्यांतील तत्त्व स्पष्ट आहे. वेळेवर बोलणाऱ्याच्या बाजूने नियम उभा राहतो. गप्प बसणाऱ्याला तो फारशी मदत करू शकत नाही.

यावर दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला असा की, ‘जो फसतो तो लोभी किंवा मूर्ख, त्याची कीव कशाला?’ हे बोलणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पुण्याच्या त्या बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले तेव्हा कोणता ग्राहक लोभी होता? आणि दूरध्वनीवर फसलेला मनुष्य तरी मूर्खच असतो काय? त्याचा दोष बहुधा एवढाच की तो सभ्य असतो. बोलणाऱ्याचे बोलणे मध्येच तोडू नये, अधिकाऱ्याशी नम्रतेने वागावे, सांगितलेले काम वेळेवर करावे, हे आपणच त्याला लहानपणापासून शिकविलेले असते. तोतया त्याच्या याच सद्गुणांचा उपयोग करून घेतो. पेशवाईतील तोतयाला किल्ले देणारे किल्लेदार सारेच मूढ नव्हते. तेव्हा फसलेल्याला हसणे हे चोराला साह्य करण्यासारखेच आहे. कारण एकाला हसलो की पुढचे दहाजण तोंड उघडत नाहीत.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो: ‘ही कार्डे मुळात हवीत कशाला? रोखीचा व्यवहार काय वाईट होता?’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. ज्याला गरज नाही त्याने चार-चार कार्डे बाळगू नयेत, आणि उधारीची चटक तर कोणालाच लागू नये. पण चोर आहेत म्हणून पेढ्या बंद करा, असे कोणी म्हटले नाही. आपले हे बडोदे पतीच्या व्यवहाराला नवखे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९०८ साली याच नगरात बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. लोकांनी घरातील हंड्यातला पैसा त्या पेढीत नेऊन ठेवला तो विश्वासाने. विश्वास टाकून देणे हा उपाय नव्हे. तो कोठे ठेवावा आणि कोठे ठेवू नये, हे शिकणे हा उपाय होय.

ते शिकण्यास अवघड नाही. काही गोष्टी तर घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलालाही पाठ करून ठेवता येतील.

पहिली गोष्ट परवलीच्या अंकाची. ओटीपी म्हणतात तो एकवेळचा अंक, यंत्राचा पिन आणि कार्डाच्या पाठीवरील तीन अंक हे कोणालाही सांगावयाचे नाहीत; बँकेच्या माणसालाही नाहीत. खरा बँकेचा माणूस ते मागतच नाही, आणि जो मागतो तो बँकेचा नव्हे, एवढी एक खूण पुरे. ओटीपीचा संदेश अखेरपर्यंत वाचावा. कोणत्या दुकानी किती रकमेसाठी तो अंक आला आहे हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. पैसे मिळणार म्हणून सांगितले जाते आणि संदेशात पैसे जाणार असे असते, हा विरोध तेथेच डोळ्यांत भरतो.

दुसरी गोष्ट दूरध्वनीची. कोणी घाई करू लागला की फोन ठेवावा. असे ठेवण्यात उद्धटपणा नाही. मग कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. महाजालावर शोधून सापडलेल्या क्रमांकावर भरवसा ठेवू नये. तेथेही तोतये बसलेले असतात.

तिसरी गोष्ट कार्डाच्या कुलपांची. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक कार्डधारकाला आपल्या कार्डाची निरनिराळी दारे उघडण्याची व बंद करण्याची सोय मिळाली आहे. परदेशातील व्यवहार, महाजालावरील खरेदी, केवळ टेकवून पैसे देणे, यांपैकी जे दार आपण वापरीत नाही ते बंद ठेवावे, आणि जे वापरतो त्याला रकमेची मर्यादा घालावी. आपल्या देशातील महाजालावरील खरेदीला ओटीपी लागतो. पण परदेशातील अनेक दुकानी केवळ कार्डावरील अंकांवर काम भागते. म्हणून परदेशाचे दार बंद ठेवण्याचे महत्त्व अधिक. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आपल्या कार्डाचा खरा क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट होय.

चौथी गोष्ट कागदांची. आधार वा पॅन पत्राची प्रत कोठे द्यावी लागली तर तिच्यावर ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहून द्यावे. जेथे चालते तेथे शेवटचे चारच अंक दिसणारे आधार द्यावे. तशी सोय सरकारनेच केलेली आहे. जुन्या काळी पत्र संपले की मजकुराच्या अखेरीस शिक्का उमटवीत, तो मागाहून कोणी त्यात भर घालू नये म्हणून. प्रतीवर लिहिलेल्या या दोन ओळी हेच काम करतात.

पाचवी गोष्ट हिशेबाची. प्रत्येक व्यवहाराचा संदेश आपल्या क्रमांकावर येत राहील असे पाहावे, आणि महिन्याचा हिशेब किराण्याच्या यादीसारखा ओळीने तपासावा. चोर पुष्कळदा आधी दहा-वीस रुपयांची खरेदी करून कार्ड चालते की नाही ते चाचपून पाहतो. लहान आकडा म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. आपल्या नावावर कोणकोणती कर्जे व कार्डे आहेत हे दाखविणारा पतीचा अहवाल पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो मागविण्यास दिवाळीचा दिवस धरावा. वर्षाचा हिशेब पाहण्याचा तो आपला जुनाच मुहूर्त आहे.

आणि एवढे करूनही घाला पडलाच तर? तर शिंग फुंकावयाचे. प्रथम बँकेस कळवून कार्ड बंद करावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. लगोलग १९३० या क्रमांकावर फोन करावा, किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात धावत असतो. वार्ता लवकर पोहोचली तर तो वाटेतच अडविता येतो. उशीर झाला तर तो रोख होऊन नाहीसा होतो. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध आहे, म्हणजे तक्रार करणारा मनुष्य आपली फजिती सांगत नसून एका गुन्ह्याची खबर देत असतो. ही जाणीव घरातील प्रत्येकाला असावी.

परंतु सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकून बँकांनी स्वस्थ बसावे, हे आम्हांस मान्य नाही. आमच्या नगरातील मराठी घराची स्थिती पाहा. घरात मराठी, बाजारात गुजराती, तोतयाचा फोन हिंदीत, आणि बँकेचा सावधानतेचा संदेश मात्र बहुधा इंग्रजीत. म्हणजे फसविणारा आजीला समजेल अशा भाषेत बोलतो आणि सावध करणारा तिला न समजणाऱ्या भाषेत! खातेदार जी भाषा वाचतो त्या भाषेत, मोजक्या शब्दांत आणि रक्कम प्रथम लिहून संदेश पाठविणे बँकांना अशक्य नाही. सत्तर वर्षांच्या वृद्धाच्या कार्डावर भर दुपारी एकाएकी कधी न झालेली मोठी खरेदी होते, तेव्हा ती क्षणभर रोखून विचारपूस करणेही अशक्य नाही. अमेरिकेने १९७० साली जे तत्त्व मानले तेच आम्ही येथे मांडतो. कुलूप ज्याने बनविले त्याच्यावर चोरीचा काही भार असला पाहिजे, म्हणजे कुलूप चांगले बनते.

आता हा विषय शाळेच्या वार्षिकात का, या शंकेचे उत्तर. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या घरात इंग्रजी संदेश वाचून दाखविणारे कोण? नव्या दूरध्वनीची कळ कोठे आहे हे आजीला सांगणारे कोण? तुम्हीच. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याकडून कोणीही कशावरही अंगठा उठवून घेऊ शकतो. गुप्त अंक अनोळखी माणसास सांगणे हे आजच्या काळात कोऱ्या कागदावर अंगठा उठविण्यासारखेच आहे. तेव्हा हेही आता अक्षरओळखीचेच काम झाले आहे. आणि या वेळी शिकविणारे मुले आहेत व शिकणारे वडीलधारे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वी शाळेने एक तास या विषयाला द्यावा. सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील आणि शेजारच्या एका घरातील कार्डांची न वापरलेली दारे मोठ्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच हातून बंद करून घ्यावीत. कार्डाच्या पाठीवरील मदतीचा क्रमांक आणि १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ वा देवघराशेजारी लावावा. घरातील दूरध्वनीच्या खेळात वडिलांचे कार्ड साठवून ठेवले असेल तर तेही काढून टाकावे. आणि एक गोष्ट वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना विशेष बजावून सांगावीशी वाटते. ‘तुझे खाते चार दिवस वापरू दे, तुला हजार-दोन हजार देतो,’ असे म्हणणारे ओळखीचे तरुण भेटतील. ते खाते चोरीचा पैसा पुढे सरकविण्यासाठी हवे असते. तोतयाला घोडा पुरविणारा त्याच्या बंडातलाच होतो. पुढे पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या, आणि ती कलंकाची नोंद जन्मभर पाठ सोडीत नाही.

या सर्वांहून मोठे काम मात्र नियमांचे नाही, मायेचे आहे. आजोबांना, आजीला किंवा आईला आज संध्याकाळीच सांगा: “तुम्ही कधी फसलात तर आम्ही हसणार नाही, रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.” एवढे एक वाक्य घराघरात उच्चारले गेले तर चोराचे चार दिवस चार घटकांवर येतील. पेशवाईतील तोतयाला एक एक किल्ला मिळत गेला तो किल्लेदार एकटे व गोंधळलेले होते म्हणून. आपल्या घरातील कोणीही तसे एकटे पडू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.